चहाच्या खोलीतला ताप

पीपीई किट घालून कोविडच्या आयसोलेशनमध्ये राबणाऱ्या एकालाही काही झालं नाही आणि त्या दाराकडे कधी न फिरकलेले सहा जण आठवड्याभरात पॉझिटिव्ह निघाले. फेब्रुवारी २०२१ मधली ही गोष्ट. मी तेव्हा त्या रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर होते. संसर्ग नियंत्रणाचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं आणि पहिले दोन दिवस मी भलत्याच दाराशी पहारा देत बसले होते. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवायचं कारण तेच. गावाचं, माणसांचं नाव यात नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत, बाकी क्रम जसा घडला तसा.

जागा आणि माणसं

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. सकाळी ओपीडीला रांग, वर्षभर बाळंतपणं, पावसाळ्यात सापविंचू, कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधा. अधीक्षक धरून मोजके डॉक्टर, आम्ही सिस्टर, एक ब्रदर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, सगळे ज्यांना मामा म्हणतात ते कक्षसेवक, १०८ अॅम्ब्युलन्सचे चालक (त्यांना पायलट म्हणतात) आणि सफाईच्या मावश्या. मावश्या ठेकेदाराच्या. हजेरी लागली तर रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, नाही तर नाही.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आम्हाला जे पहिले किट मिळाले ते रेनकोट होते. खरोखरचे, टोपीवाले. पुढे पुरवठा सुरळीत झाला. एन-९५ मोजके यायचे, म्हणून प्रत्येकीने चार-पाच कागदी पाकिटं केली, त्यावर नाव-तारीख घातली आणि आळीपाळीने मास्क वापरले. सप्टेंबरची लाट त्यावरच निघाली. दिवाळीनंतर कोविड केअर सेंटर बंद झालं, वसतिगृहाच्या चाव्या परत गेल्या, तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलेली पोरं-पोरी घरी गेली. जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका, मग गुलाल, मग लग्नं. १६ जानेवारीला देशात आरोग्य कर्मचाऱ्यांना लस द्यायला सुरुवात झाली होती, आमच्याकडे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात डोस आले. दंडावर सुई टोचली आणि सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. पहिल्या डोसनंतर लगेच संरक्षण मिळत नाही, दोन-तीन आठवडे जावे लागतात आणि तेव्हाही ते अर्धंच असतं, हे आम्हीच तर लोकांना सांगत होतो.

हळदीकुंकू

ड्रेसिंग रूमला लागून आमची चेंजिंग रूम. आठ बाय दहाची असेल. एक अख्खी भिंत लोखंडी कपाटांनी भरलेली, एका कोपऱ्यात सलाइनचे खोके, मध्ये टेबल, वर पंखा. कपडे बदलायचे तिथेच, डबा खायचा तिथेच, साडेदहाचा चहाही तिथेच. घरी सासूसमोर, वॉर्डात पेशंटसमोर, ओपीडीत पुढाऱ्यांसमोर जे बोलता येत नाही ते सगळं त्या खोलीत बोलून व्हायचं. ही खोली नसती तर आमच्यातल्या दोघी-तिघींनी २०२० मध्येच नोकरी सोडली असती, असं मला आजही वाटतं.

शुक्रवारी, १२ फेब्रुवारीला, तिथे हळदीकुंकू झालं. रथसप्तमी आठवड्यावर आली होती, मागच्या वर्षभरात काहीच झालं नव्हतं, सगळ्यांना हौस होती. वाण काय दिलं, तर सॅनिटायझरच्या छोट्या बाटल्या. कल्पना माझीच, आणि मला ती फार हुशारीची वाटली होती. हळदीकुंकू बायकांचं, पण आलूबोंडे सगळ्यांचे, त्यामुळे फार्मासिस्ट आणि लॅबवाला भाऊही येऊन बसले. ओपीडीतले पेशंट डोकावतात म्हणून दार लोटलेलं. मास्क हनुवटीवर. पाऊण तास तरी चाललं असेल. मी स्वतः दहाच मिनिटं होते, लेबर रूममधून हाक आली म्हणून उठले. पुढे मला काही झालं नाही त्याचं श्रेय मी त्या बाळंतिणीला देते.

सफाईची एक मावशी दाराजवळ स्टुलावर बसली होती. तिने दोन दिवसांपूर्वी डोस घेतला होता. अंग गरम होतं. कुणीतरी विचारलं, तर तिच्या आधी दुसरीनेच उत्तर दिलं, "लसीचा ताप आहे, सगळ्यांनाच येऊन राहिला." पॅरासिटामॉलची गोळी दिली गेली. चुकीचं काय होतं त्यात? निम्म्या स्टाफला डोसनंतर ताप आला होता. लसीचा ताप बहुधा पहिल्या दिवशीच चढतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो, लसीने खोकला येत नाही, वास जात नाही, हा फरक आम्हाला ठाऊक होता. पण तो विचारायचा तर आधी शंका यावी लागते.

सोमवारी लॅबवाल्या भावाने स्पिरिटची बाटली उघडून नाकाशी धरली आणि विचारलं, "कोणी पाणी भरून ठेवलं हो यात?" तिथून सुरुवात. मंगळवारी मावशीची अँटिजेन टेस्ट पॉझिटिव्ह. बुधवारी बाळंतपणाच्या वॉर्डातल्या दोन सिस्टर, गुरुवारी फार्मासिस्ट, शुक्रवारी केसपेपरच्या खिडकीवर बसणारे मामा. पाच जणांना साधा ताप-खोकला. फार्मासिस्टला साखरेचा त्रास, त्यांचं ऑक्सिजन खाली गेलं, जिल्ह्याला पाठवावं लागलं. ते परत आले, हे आधीच सांगून टाकते. त्या आठवड्यात बाहेरही हवा फिरली होती. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला लॉकडाऊन लागलं, यवतमाळ-अकोल्याचे आकडे चढत होते. महाराष्ट्रातली दुसरी लाट विदर्भातून उठते आहे हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण ओपीडीतल्या खोकल्यावरून कळत होतं.

भलत्या दाराशी

माझा पहिला संशय अर्थातच आयसोलेशनवर. मंगळवार-बुधवार मी डॉफिंगच्या जागेवर खुर्ची टाकून बसले. किट काढताना कोण चुकतं ते बघायला. बाहेरचे ग्लोव्ह्ज आधी, मग कव्हरऑल आतून बाहेर गुंडाळत, प्रत्येक टप्प्यावर हात धुणं, मास्क सगळ्यात शेवटी. ब्रदरला मी दोनदा झापलं. तो बिचारा सगळं नीट करत होता.

बुधवारी रात्री झोप येईना, म्हणून जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ड्युटीचा तक्ता मांडला. उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत तारखा आणि जागा. आयसोलेशनला निळा पेन, स्वॅबला हिरवा, वॉर्ड-ओपीडीला काळा. जे आजारी पडले होते आणि जे पुढच्या दोन दिवसांत निघाले, त्यांच्या ओळींत निळा-हिरवा कुठेच नव्हता. फार्मासिस्ट आपल्या खिडकीमागे, मामा आपल्या खिडकीमागे, दोघी सिस्टर लेबर रूमला. लॅबवाला भाऊ स्वॅबचे डबे पॅक करायचा, पण सीलबंद. उलट ज्या दोघी रोज व्हरांड्यात उभ्या राहून पन्नास-पन्नास लोकांच्या नाकात काडी घालत होत्या त्या ठणठणीत. मग मी लाल पेन घेतला आणि १२ तारखेला चेंजिंग रूममध्ये कोण कोण होतं ते आठवून आठवून गोल केले. मामा त्या दिवशी हळदीकुंकवाला नव्हते, पण त्यांचा डबा रोज दीड वाजता तिथेच उघडतो. सहाही जण लाल गोलात.

यातून काय सिद्ध होतं आणि काय नाही, हे नीट सांगायला हवं. विषाणूची जनुकीय तपासणी आमच्या हाती नव्हती. सहाही जणांना एकाच माणसाकडून लागण झाली, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. मामांच्या घरी लग्न होतं. पण केंद्राच्या मे २०२० च्या सूचनेत आरोग्य कर्मचाऱ्यासाठी हाय रिस्क संपर्काची जी व्याख्या होती, तिच्यातच एक ओळ होती: मास्क नसताना एक मीटरच्या आत, समोरासमोर, १५ मिनिटांपेक्षा जास्त. ही ओळ आम्ही पेशंटच्या बाबतीत वाचली. आलूबोंड्याच्या बाबतीत वाचली नाही.

किट घातलं की माणूस सावध असतो. आपण धोक्यात उभे आहोत हे अंगावरच्या प्लास्टिकमुळे क्षणोक्षणी कळतं. सहकारी मात्र आपला वाटतो, आणि आपल्या माणसाचा श्वास कुणी मोजत नाही. त्यातून वर्षभर सगळा जोर हातांवर, फरशीवर, फवारण्यांवर. कोरोना हवेतून लांबवर आणि बंद खोलीत पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्वच्छ शब्दांत लिहिलं ते २०२१ चा एप्रिल संपताना. पण आम्हाला तेवढं थांबायची गरज नव्हती. टीबीच्या पेशंटला आम्ही वर्षानुवर्षं खिडकीपाशी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवत आलोय, हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१० पासून कपाटात आहेत. पेशंटला खिडकी आणि स्वतःला कपाटांची भिंत.

मावशी

तक्ता मी अधीक्षकांना दाखवला आणि दुपारपर्यंत अख्ख्या रुग्णालयात एकच वाक्य फिरत होतं: मावशीनं आणलं. तक्त्याचा हा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं. ती पहिली आजारी दिसली एवढंच खरं. लॅबवाल्या भावाला आधी झालं असेल आणि वास नंतर गेला असेल, हेही तितकंच शक्य होतं. पण भाऊ पर्मनंट आणि मावशी ठेकेदाराची, त्यामुळे संशयाचा उतार कुठल्या बाजूला आहे हे ठरलेलंच होतं.

ती बरी होऊन परत आली त्या दिवशी मी तिला बाहेर ओट्यावर बसवून विचारलं, अंग दुखत होतं तर सांगितलं का नाही?

"सांगतलं असतं तं काय केलं असतं तुम्ही?"

घरी पाठवलं असतं, म्हटलं.

"तेच तं. घरी बसली का रोज बुडाला. अन् ताई, तो काही ताप नव्हता, कसकस होती. कसकसीले सुट्टी कोण देते?" मग जरा थांबून, पदराने हात पुसत म्हणाली, "सायेबानं मीटिंगमंदी सांगतलं होतं नं, कोरोनानं मेलं तं पन्नास लाख भेटते म्हून. मेली तं पन्नास लाख, अन् ताप आला तं दिवसाचा रोज बी गेला. मंग मानसानं काय करावं?"

तिचं बरोबर होतं. ३० मार्च २०२० पासून सुरू झालेल्या केंद्राच्या ५० लाखांच्या विम्यात कंत्राटी आणि बाहेरच्या एजन्सीचे कामगारही धरले होते, मृत्यूसाठी. आजारपणाच्या रोजाबद्दल मात्र तिच्या करारात एक अक्षर नव्हतं. आम्ही भिंतीवर पोस्टर लावलं होतं, 'लक्षणे लपवू नका'. ते तिला वाचता येत नव्हतं हा भाग वेगळा. वाचता आलं असतं तरी परवडलं नसतं.

कुलूप

आता माझी चूक. गुरुवारी, १८ फेब्रुवारीला, मी चेंजिंग रूमला कुलूप लावलं आणि चावी कंबरेला अडकवली. डबा, चहा, सगळं बंद. घरून खाऊन या, घरी जाऊन खा. अधीक्षकांनी पाठ थोपटली. जिल्ह्याच्या व्हीसीमध्ये (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) उल्लेखही झाला.

चार दिवसांत काय झालं ते मला एका पायलटने सांगितलं, तेही हसत. दोघी सिस्टर आणि एक मामा उभ्या अॅम्ब्युलन्समध्ये बसून चहा पीत होते. काचा बंद, एसी चालू. मी कुलूप लावून आठ बाय दहाची खोली बंद केली होती, तर माणसांनी तिच्या अर्ध्या आकाराची शोधली. शोधल्यावर आणखी सापडलं. लिनन स्टोअरमध्ये चादरींच्या गठ्ठ्यांमागे डब्याचं झाकण. एक्स-रेच्या डार्क रूममध्ये बिस्किटांचा पुडा. एक सिस्टर आठ तासांच्या ड्युटीत घोटभरही पाणी पीत नव्हती, कारण मास्क काढायला जागा नाही आणि लघवीला गेलं की पुन्हा सगळं बदलायचं. तिला जळजळ होऊन ताप भरला, आणि ताप म्हटल्यावर आधी स्वॅब, मग दोन दिवस रिपोर्टची वाट, तोवर ती घरी कोंडलेली. लघवीचा संसर्ग निघाला.

आणि बोलणं थांबलं. हे रजिस्टरात कुठे लिहायचं मला कळलं नाही. लोक ड्युटीवर यायचे, करायचे, जायचे. याच दिवसांत मला उशिरा कळलं की लेबर रूमच्या एका सिस्टरला सासरी गोठ्यालगतच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, ताट उंबऱ्यावर ठेवून सासू मागे सरकायची, आणि तिचं तीन वर्षांचं लेकरू लांबून 'आई, तू सुई लावतेस का' असं विचारायचं. पूर्वी ही गोष्ट पहिल्या दिवशीच साडेदहाच्या चहाला कळली असती.

कडुनिंब

उपाय आमच्या मागच्या आवारातच उभा होता. मोठा कडुनिंब, त्याखाली मोडके पलंग आणि एक बिघडलेला जनरेटर. आठवड्याच्या शेवटी मामांनी पलंग हलवले. एका पेशंटच्या नातेवाइकाची रोपवाटिका होती, त्याने जुनी हिरवी शेडनेट दिली. सिमेंटचे चार बाक, एकमेकांपासून सहा-सात फुटांवर, एका बाकावर एकच माणूस. हात धुवायला टाकीचा नळ तिथेच ओढून घेतला, साबणाची वडी जाळीच्या पिशवीत बांधून नळाला लटकवली. चहाच्या पाळ्या लावल्या, चौघांची एक, वीस मिनिटांची. आणि नियम एकच: तोंड उघडं तर आभाळ उघडं.

हा नियम माझा नाही, ब्रदरचा. मी दीड पानाचं परिपत्रक लिहिलं होतं. ते अजून फाइलला आहे, कुणी वाचलेलं नाही.

थोडं ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे चुगल्या कमी झाल्या अशी तक्रार होती. कावळ्यांचा त्रास होता. एप्रिलमध्ये दुपारी तिथे बसवेना, म्हणून दुपारची पाळी व्हरांड्यात, जिथे दोन्ही बाजूंनी वारा येतो. पण लोक पुन्हा भेटू लागले. कुणाचं काय दुखतंय ते पुन्हा कळू लागलं, आणि मार्चमध्ये दोन जणांनी 'घसा धरलाय' असं आपणहून, त्या बाकावर बसूनच सांगितलं. दोघांची टेस्ट झाली, एक पॉझिटिव्ह निघाली, तिच्या मागे दुसरं कुणी पडलं नाही. एका उदाहरणावर मी इमले बांधणार नाही, पण नोंद करून ठेवते.

बादलीवरची रेघ

मावशीशी बोलताना दुसरी एक गोष्ट उघडी पडली. फरशी पुसायचं जंतुनाशक, एक टक्क्याचं हायपोक्लोराइट, ती कसं करते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. प्रशिक्षण झालं होतं, प्रोजेक्टरवर, सिस्टरांचं. मावश्या तेव्हा बाहेर होत्या. चहा आणत होत्या.

ती अंदाजाने ओतायची. वास नाकात झोंबला म्हणजे औषध झालं. कधी फारच पातळ, कधी इतकं तिखट की डोळ्यांतून पाणी. संडास घासताना वरून अॅसिड टाकायची, 'म्हंजे चकाचक होते'. हायपो आणि अॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तिला महिनाभर जो खोकला होता आणि ज्याला आम्ही तंबाखूचा म्हणत होतो, तो कशाचा होता कोण जाणे. कॅन ठेवलेले टिनाच्या शेडमध्ये. उन्हाने आणि उष्णतेने हायपो निकामी होत जातं, आणि आमच्याकडे मार्चपासूनच टीन तव्यासारखं तापतं. म्हणजे काही दिवस आम्ही फरशी नुसत्या वासाच्या पाण्याने पुसत असणार.

आमच्याकडे येणारं हायपो पाच टक्क्यांचं. एक भाग औषध, चार भाग पाणी. हे गणित सांगण्यापेक्षा मी पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं. दहा लिटरच्या बादलीत आठ लिटर पाणी मोजून ओतलं, तिथे आतून एक रेघ. मग दोन लिटर औषध, तिथे दुसरी. खालच्या रेघेपर्यंत पाणी, वरच्या रेघेपर्यंत औषध. आधी पाणीच, कारण औषधावर पाणी ओतलं की उडतं. रोज सकाळी ताजं करायचं, कालचं उरलेलं ठेवायचं नाही. कॅन आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवले. मावशीने बादली उचलून उजेडाकडे धरली, रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एवढंच व्हतं तं वर्षभर काहून नाई सांगतलं?"

तिचे ग्लोव्ह्ज बोटांच्या टोकांना फाटलेले होते. जाड रबरी ग्लोव्ह्जचा जोड स्टोअरमध्ये पडून होता, मागणीपत्र नाही म्हणून. आणि कचरा. कोविडचा पिवळ्या पिशवीतला माल दोन पिशव्यांत घालून बांधायचा, गॉगल-कव्हरऑल-ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, हे आम्ही सिस्टर पाठ म्हणायचो. पिशव्या बांधायची आणि उचलायची ती. तिला एन-९५ मिळायला लागला तो मार्च २०२१ मध्ये, पहिला रुग्ण राज्यात सापडल्याला वर्ष होत आल्यावर.

रोजाचं काय झालं? अधीक्षकांनी ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, बदली माणसाला पैसे द्यावे लागतात, दोघांना कुठून देऊ. मुद्दा खोटा नव्हता. शेवटी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत असं ठरलं की पॉझिटिव्ह आलेल्या कामगाराच्या बदलीचा खर्च समिती करेल आणि तिचा रोज ठेकेदार चालू ठेवेल. लेखी काही नाही, तोंडी. एप्रिल-मेमध्ये दोन मावश्या आजारी पडल्या, दोघींनी पहिल्या दिवशी सांगितलं, दोघींना पैसे मिळाले. 'लक्षणे लपवू नका' या पोस्टरला वर्षभरात जे जमलं नव्हतं ते या तोंडी कबुलीने केलं.

मे

एप्रिलमध्ये आमच्याकडे ऑक्सिजनच्या खाटा सुरू झाल्या आणि पुढचे सहा आठवडे कसे गेले ते इथे सगळं लिहिणार नाही. सिलिंडरच्या गाडीची वाट पाहत काढलेल्या रात्री सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. या प्रकरणाशी संबंध आहे तेवढंच.

बाहेर ४४-४५ अंश, आत कव्हरऑल. कूलर लावता येत नाही, एसी नाहीच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा आम्ही गावोगाव जाऊन 'मास्क लावा, ग्लोव्ह्ज घाला, अंगभर कपडे घाला' असं सांगायचो. एक मजूर म्हणाला होता, "सिस्टर, या उन्हात तुम्ही घालून दाखवा." ते मला मे २०२१ मध्ये रोज आठवायचं. घामाने भिजलेला मास्क तोंडाला चिकटतो, श्वास ओढताना जड जातो, मग हात आपोआप तिकडे जातो. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेला २०१५ चा एक अभ्यास सांगतो की माणूस तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावतो. तेही वर्गात बसलेला, घाम न आलेला माणूस.

किटची ड्युटी आम्ही सहा तासांवरून चारवर आणली. माणसं कमी असताना हे उलटं दिसतं, आणि अधीक्षकांशी यावरून माझं चांगलंच वाजलं. पण पाचव्या-सहाव्या तासाला चुका व्हायच्या: सलाइनचा दर चुकायचा, किट काढताना घाई व्हायची. चार तासांनी बाहेर आलेली सिस्टर अंघोळ करून, मीठ-साखर घातलेलं कैरीचं पन्हं पिऊन, दोन तासांनी साध्या वॉर्डात उभी राहू शकायची. सहा तासांनी आलेली थेट आडवी व्हायची. पाळीच्या दिवसांत किटची ड्युटी नको असेल तर कारण न सांगता अदलाबदल करायची मुभा दिली. त्यासाठी भिंतीवर एक कागद, त्यावर फक्त खुणा. कुणी गैरफायदा घेतला का? एकीने घेतला असेल. चालतं.

डॉफिंगच्या भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा लावला, एका बंद पडलेल्या कापड दुकानातून आणलेला. एकटीने किट काढायचं नाही, समोर दुसरीने उभं राहून पायरी-पायरी बोलायचं. एका रात्री, दोन वाजता, पाठोपाठ दोन मृत्यू झाल्यावर एक सिस्टर बाहेर आली आणि तिने सरळ मास्कला हात घातला. समोर उभ्या मावशीने, त्याच मावशीने, एवढंच म्हटलं, "बाई, आंधी हात." सिस्टर थांबली. हात धुतले. मग आरशासमोर उभी राहून रडली, मास्क तसाच ठेवून, आणि मावशी काही न बोलता तिथेच उभी राहिली.

मनःस्वास्थ्यासाठी वरून जे आलं त्यात हेल्पलाइनचा नंबर होता, व्हॉट्सअॅपवर रोज एक सुविचार होता आणि एक ऑनलाइन योगसत्र, जे ड्युटीच्या वेळेत होतं. हेल्पलाइनला आमच्यातल्या कुणी फोन केल्याचं मला तरी माहीत नाही. केला असता तर तालुक्यात कळलं असतं, अशी भीती. उपयोगी पडलं ते साधं: साप्ताहिक सुट्टीचा तक्ता रविवारी संध्याकाळी लागायचा आणि एकदा लागला की बदलायचा नाही, कितीही अडचण असली तरी. आपण गुरुवारी घरी आहोत हे माहीत असलं की बुधवार निघतो. गोठ्यालगतच्या खोलीतल्या सिस्टरच्या सासूशी बोलायला अधीक्षक स्वतः तिच्या गावी गेले. पांढरी गाडी दारात उभी राहिली, डॉक्टर सासूच्या हातचा चहा प्यायले, अंगणात, खाटेवर बसून. दुसऱ्या दिवशीपासून ती आपल्या खोलीत.

कडुनिंबाखाली बसायला लागल्यापासून मेअखेरपर्यंत स्टाफमधल्या सात जणांना लागण झाली, बहुतेकांच्या घरात आधी कुणीतरी आजारी होतं. एकाच वेळी अनेक जण आडवे, असं पुन्हा झालं नाही. तोवर दुसरे डोसही झाले होते, त्यामुळे श्रेय कडुनिंबाचं किती आणि लसीचं किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

जूनमध्ये चेंजिंग रूम उघडली. सुतार बोलावून कपाटं हलवली, तेव्हा मागे खिडकी निघाली. दोन पाटांची, चांगली मोठी, रंगाचे थर चढून बंद झालेली. छिन्नीने कडा मोकळ्या केल्यावर उघडली. बाहेर बरोबर कडुनिंब.

जुलैत सफाईचं कंत्राट दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं. मावश्या त्याच, बादली तीच. नव्या करारातही आजारपणाच्या रोजाचं कलम नाही, आणि तोंडी कबुली जुन्याबरोबर गेली. मी पत्र दिलं आहे. त्याला आवक क्रमांक पडला आहे.